अर्जात दोन मुलं

“फ्रॉक नको,” ममा म्हणाली. “हे घाल.”

तिच्या हातात परकर-पोलकं होतं. मी ते लगेच ओळखलं. शेजारच्या येसूमावशीच्या चंद्रीचं होतं ते. परकर किरमिजी, पोलकं हिरवं, काखेत उसवलेलं.

“चंद्रीचं का?”

“गाडीत कोळशाची राख उडते. तुझा फ्रॉक खराब होईल. मुंबईत गेल्यावर बदलू.”

“मग मॉरीनचा नाही का होणार खराब?”

ममाने मॉरीनची मान सरळ केली. ती मॉरीनच्या केसांत पांढरी रिबन बांधत होती. पहाटेचा गार वारा होता, पण तिच्या कपाळावरची पावडर घामाने ओली झाली होती. माझी बहीण मॉरीन आठ वर्षांची होती. ती खुर्चीवर ताठ बसली होती, नवा फ्रॉक चुरगळू नये म्हणून. धाकटा कीथ तीन वर्षांचा, तो अजून झोपेतच होता. त्याला उचलून बाहेर आणायचं काम माझं. तो माझ्याशिवाय कुणाकडेच राहत नसे.

मी परकर नेसले. ममाने मला जवळ बोलावलं, माझे केस मोकळे केले, खोबरेल तेल चोपडलं आणि दोन घट्ट वेण्या घातल्या. माझ्या केसांना तिने तेल लावल्याचं मला त्याआधी कधी आठवत नाही. “तेल लावतात ते नेटिव्ह लोक,” असं तीच म्हणायची.

हे १९६५ सालचं. मी बारा वर्षांची होते. आम्ही दौंडला राहायचो, इंजिनांच्या शेडच्या मागे, जिला गावात टोपीवाल्यांची आळी म्हणत त्या ओळीत. बारा घरं, समोर कौलारू व्हरांडे. आमचे आजे-पणजे कधी काळी विलायतेहून रेल्वे टाकायला आले आणि इथेच राहिले, असं आळीतला प्रत्येक जण सांगायचा. घरात इंग्रजी, रविवारी चर्च, नाताळात केक. त्यापलीकडे साहेबीपणाचं आमच्यात काही उरलं नव्हतं. माझे वडील सेसिल विल्टन शेडमध्ये बॉयलरचे फिटर होते. उजव्या हाताची दोन बोटं गेल्यावर त्यांना दिव्यांच्या खोलीत हलकं काम मिळालं. सिग्नलचे दिवे पुसायचे आणि त्यांत तेल भरायचं. घरी आले की त्यांच्या अंगाला रॉकेलचा वास यायचा आणि रात्री जेवताना दारूचा. मॉरीन आणि मी एका बुटांच्या जोडात दोन वर्षं काढली. ती सकाळच्या शाळेला, मी दुपारच्या. बाजारातली पोरं आम्हाला पाहून ‘साहेबाचं पोर अनवाणी’ म्हणून ओरडायची.

आळी रिकामी होत चालली होती. दर वर्षी एखादं घर ऑस्ट्रेलियाला जायचं. जायच्या आधी व्हरांड्यात पलंग, आरसा, ग्रामोफोन मांडून ठेवायचे आणि गावातले लोक येऊन घेऊन जायचे. बारापैकी पाच घरांत माणसं उरली होती. “इथे आपल्याला कोण ठेवून घेणार?” हे डॅडींचं रोजचं वाक्य होतं. तिकडे कारखान्यांत कामं होती, मुलांना शाळा होत्या. पण त्या देशात जायला तेव्हा माणसाचा रंग बघत. कागदावर किती पिढ्या विलायती हे लिहावं लागे आणि शिवाय सगळ्या घरादाराला समोर उभं करून पाहत. शेजारच्या मिसेस पोकॉक ममाला एका कुटुंबाची गोष्ट पुनःपुन्हा सांगायच्या. आईबाप गोरेपान, पण थोरला मुलगा सावळा, आणि सगळ्यांचाच अर्ज परत आला.

मॉरीनचे केस भुरे होते. कीथ गुलाबी होता. डॅडी उन्हाने रापलेले, पण डोळे घारे. ममा गव्हाळ होती. पावडर लावली की निभून जायचं. मी काळी होते. नुसती सावळी नव्हे, काळी. चर्चमधल्या बायका हसत हसत म्हणायच्या, “आयव्ही, हिला शाईच्या दौतीत बुडवून काढलीस की काय?” आणि ममाही हसायची. घरी आल्यावर मात्र ती माझ्याशी बोलत नसे.

गाडीत आम्हाला बसायला जागा मिळाली. डॅडींकडे रेल्वेचा पास होता. पुण्याच्या पुढे टीसी आला, तरुण होता, पास उलटसुलट करून वाचायला लागला.

“सेसिल विल्टन. पत्नी आयव्ही. मुलं तीन. डोरीन, मॉरीन, कीथ.” त्याने मान वर केली. “डोरीन कुठे आहे?”

कीथ माझ्या मांडीवर होता. मी ममाकडे पाहिलं. ममा खिडकीबाहेर पाहत होती.

“हीच,” डॅडी म्हणाले.

टीसीने माझ्या वेण्यांकडे, चंद्रीच्या परकराकडे पाहिलं. “ही तुमची मुलगी?”

“हीच माझी मुलगी. थोरली.” डॅडींनी त्यांचा तीन बोटांचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. “काही अडचण आहे का?”

“नाही, नाही साहेब.” टीसी पास देऊन पुढे गेला.

मला फार बरं वाटलं. घाट संपेपर्यंत मी कीथला एकेक बोगदा मोजून दाखवत होते. तो मला डोडो म्हणायचा. डोरीन त्याच्या जिभेला जमत नव्हतं. येसूमावशीलाही जमत नव्हतं; ती दोरी म्हणायची.

दुपारी आम्ही फोर्टात पोचलो. कचेरीची इमारत जुनी, दगडी. आत लांबच लांब बोळ आणि भिंतीला लागून लाकडी बाक. बाकावर बसलेल्या सगळ्या बायकांनी आमच्यासारखीच पावडर लावली होती.

“फ्रॉक?” मी विचारलं.

“आता वेळ नाही,” ममा म्हणाली. ती माझ्यासमोर वाकली आणि कधी नव्हे ते तिने माझे दोन्ही हात धरले. “डोरीन, नीट ऐक. आम्ही आत जाणार. तू इथे बस. काही झालं तरी आत यायचं नाही. कुणी विचारलं तर काही बोलायचं नाही. समजलं?”

“आणि कीथ?”

“कीथ आमच्याबरोबर येईल.”

“तो रडेल.”

“रडू दे.”

मी डॅडींकडे पाहिलं. ते टाय नीट करत होते. आधीच नीट होता.

नाव पुकारलं गेलं आणि ते चौघे आत गेले. दार लागलं. मी बाकावर बसले. शेजारच्या बाईने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि आपली पर्स दुसऱ्या बाजूला ठेवली.

मोजून पाच मिनिटं झाली असतील. आतून कीथचा आवाज आला. आधी कुरकुर, मग हुंदके, मग तो असा काही ओरडायला लागला की बोळातली सगळी माणसं दाराकडे पाहू लागली. “डोडो! डोडो!” मी परकराची किनार मुठीत धरून बसले. ममाने सांगितलं होतं, काही झालं तरी आत यायचं नाही.

दार उघडलं. जाड चष्म्याचे एक गृहस्थ बाहेर आले. कोट घातलेला, हातात पेन्सिल. कारकून असावेत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला मराठीत विचारलं, “काय गं, विल्टनबरोबर तूच आलीस का? साहेब म्हणतायत, बाळाला धर. काही ऐकू येईनासं झालंय.”

“मला इथेच बसायला सांगितलंय.”

“अगं, साहेबच बोलावतायत. चल.”

मी आत गेले.

मोठी खोली. वर पंखा. टेबलामागे एक उंच, लालसर साहेब, कानशिलाला केस पिकलेले. ममा आणि डॅडी खुर्च्यांवर, मॉरीन त्यांच्यामागे उभी. कीथ जमिनीवर पाय आपटत होता. मला पाहताच तो धावत आला आणि माझ्या परकरात तोंड खुपसून गप्प झाला. मी त्याला उचलून घेतलं. साहेबाने हुश्श केलं आणि तो हसला.

“देवाची कृपा,” तो इंग्रजीत म्हणाला. “कोण ही?”

मॉरीनने ममाच्या खुर्चीची पाठ धरली.

टेबलावर आमचा अर्ज होता. मी साहेबाच्या समोर उभी होते, त्यामुळे कागद मला उलटा दिसत होता. पण डॅडींचं अक्षर मला कसंही वाचता यायचं. बोटं गेल्यानंतर ते डाव्या बाजूला कलायला लागलं होतं. त्यात लिहिलं होतं : मुलं दोन. एक, मॉरीन ग्रेस, मुलगी, वय आठ. दोन, कीथ एडवर्ड, मुलगा, वय तीन. त्याखाली तिसरी ओळ होती, ती रिकामी होती. त्यावर एक सरळ रेघ मारली होती, पट्टी लावून.

अर्ज गेल्याला दोन महिने झाले होते. डॅडी रविवारी जेवणाच्या टेबलावर बसून तो लिहीत होते, ते मला आठवलं. मी त्यांना टीपकागद आणून दिला होता.

“मिसेस विल्टन?” साहेबाने पुन्हा विचारलं. त्याच्या आवाजात संशय नव्हता. सहज विचारत होता. “ही मुलगी कोण?”

ममाने तोंड उघडलं. तिने डॅडींकडे पाहिलं. डॅडी टेबलाच्या पायाकडे पाहत होते. मॉरीनचे डोळे भरले होते. आता ती काहीतरी बोलणार असं मला वाटलं.

मी कीथला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मराठीत म्हणाले, “मी बाळाला सांभाळायला असते.”

साहेबाने कारकुनाकडे पाहिलं. कारकून माझ्याकडे पाहत होते. मग ते त्या अर्जाकडे पाहायला लागले, मग पुन्हा माझ्याकडे. मी काय वाचत होते ते त्यांनी पाहिलं असणार. त्यांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकाने पुसला, घातला.

“ती म्हणते, ती बाळाला सांभाळते, सर,” त्यांनी इंग्रजीत सांगितलं.

“छान सांभाळते,” साहेब म्हणाला. “तिकडे अशी माणसं मिळत नाहीत, मिसेस विल्टन. सगळं स्वतःच करावं लागतं. तुम्हाला हिची फार आठवण येईल.”

“हो,” ममा म्हणाली. “येईल.”

बाहेर आल्यावर ममा बोळाच्या टोकाला गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. डॅडी तिच्यापाशी गेले. कारकून माझ्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आले. मी पाणी पिईपर्यंत ते तसेच उभे होते.

“नाव काय तुझं?”

“दोरी.”

“आणि आडनाव?”

मी पेला परत केला. ते पेला घेऊन आत निघून गेले.

संध्याकाळच्या गाडीने आम्ही परत निघालो. डॅडी डब्याच्या दारात उभे राहिले ते थेट दौंडपर्यंत. कर्जतला घाट चढण्यासाठी मागे जादा इंजिन जोडताना ममाने अचानक माझा दंड धरून मला ओढलं आणि माझं डोकं स्वतःच्या मांडीवर ठेवलं. तिच्या फिकट स्कर्टला माझ्या केसांचं तेल लागलं, तरी तिने काढू दिलं नाही. मला झोप आली नव्हती, पण मी डोळे मिटून राहिले. मॉरीन समोर बसून रडत होती, तिला ममा एकदाही गप्प बस म्हणाली नाही.

त्यानंतर आमच्या घरात त्या दिवसाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. दीड महिन्याने पत्र आलं. परवानगी चौघांची होती.

डॅडी ते पत्र घेऊन येसूमावशीच्या दाराशी गेले. मीही मागून गेले. मावशीचा नवरा शेडमध्ये खलाशी होता, इंजिनांची राख काढायचा. त्यांचं घर आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून होतं. एका खोलीत पाच माणसं. मावशी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. डॅडी टोपी हातात घेऊन उभे राहिले. त्यांना मराठी बरं बोलता यायचं, शेडमध्ये शिकले होते.

“येसूबाई, एक काम होतं.”

“बोला की सायेब.”

“आम्ही चाललो. ऑस्ट्रेलियाला. डोरीनचं... डोरीनच्या कागदांना वेळ लागेल. एक वर्ष, फार तर दोन. तोपर्यंत ती तुमच्याकडे राहिली तर... मी दर महिन्याला पाठवीन.”

मावशीने सूप खाली ठेवलं.

“वेळ लागंल म्हंजी? चौगांचे कागुद झाले आन् हिचाच न्हाई झाला?”

डॅडी हातातली टोपी फिरवत राहिले.

“पोर म्हंजी काय कोंबडी हाय का सायेब? गावाला चाललो, शेजारी ठिवून जातो?”

“येसूबाई, तिथे गेल्यावर मी तिला बोलावून घेणारच आहे.”

“बाईसायेब काय म्हन्त्यात?”

“ती... तिचीही तीच इच्छा आहे.”

“तेनला हितं येऊन सांगू द्या. आईनं सांगितलं तर ठिवीन मी.”

ममा आली नाही. डॅडी तीन दिवस रोज त्या उंबऱ्याशी जाऊन उभे राहायचे. चौथ्या दिवशी मावशीच आमच्या घरी आली, मागच्या दाराने. ममा ट्रंक भरत होती. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. मावशी काहीतरी तोडून बोलायलाच आली होती. पण तिने ममाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि माझ्याकडे वळली.

“दोरे, तुजी कापडं कुटं हाईत? चल.”

ते गेले त्या दिवशी व्हरांड्यात आमचे पलंग मांडलेले होते, विकायला. मी स्टेशनवर गेले. कीथला माझ्याकडून घेताना तो माझी वेणी सोडेना. डॅडींनी त्याची बोटं एकेक करून सोडवली. मॉरीनने मला तिची पांढरी रिबन दिली. ममाने मिठी मारली नाही. ती डब्यात आधीच जाऊन बसली होती, पलीकडच्या खिडकीशी. गाडी हलल्यावर डॅडी प्लॅटफॉर्मवरून चालत होते, मग पळत होते, मग कुणीतरी त्यांना आत ओढून घेतलं. ते मला ओरडून काहीतरी सांगत होते. इंजिनाच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही.

येसूमावशीने मला स्वतःच्या मुलीसारखं वाढवलं असं मी म्हणणार नाही, कारण तिच्या मुलींना ती मारायची आणि मला कधी मारलं नाही. कितीतरी दिवस मला त्याचंच वाईट वाटायचं. पहिल्या वर्षी मी रोज टपाल घेऊन येणाऱ्या माणसाची वाट पाहायची. डॅडींची पत्रं यायची, पैसेही यायचे. प्रत्येक पत्रात ‘पुढच्या वर्षी’ असं असायचं. शाळा मी मराठीत पुरी केली, शिक्षिका झाले. ७१ साली डॅडी तिकडे कारखान्यात काम करतानाच गेले, हृदय बंद पडून. ते मला मॉरीनच्या चार ओळींच्या पत्राने कळलं. त्यानंतर नाताळात एक कार्ड येत राहिलं, त्यावर फक्त ममाची सही. मी मात्र तिला लिहायची. लग्न झालं ते लिहिलं. नवरा दौंडचाच, शाळेतला. मुलगी झाली ते लिहिलं. येसूमावशी गेली तेही लिहिलं. एकाही पत्राला उत्तर आलं नाही.

मग ८८ साली कीथचं पत्र आलं. त्याने लिहिलं होतं : ‘ममाला हल्ली विसरायला होतं, म्हणून तिची खोली आवरत होतो. पलंगाखाली एका डब्यात तुमची पत्रं सापडली, सगळी उघडलेली, तारीखवार लावलेली. मी विचारलं तर ती म्हणाली, जुन्या आयाच्या मुलीची आहेत. पण पत्रात तुम्ही तिला ममा म्हणता. मला एक डोडो अंधूक आठवते. ती तुम्ही का?’

मी त्याला उत्तर लिहिलं. कचेरीतलं काही लिहिलं नाही. एवढंच लिहिलं की मी तुझी थोरली बहीण, आणि तू फार रडायचास.

पुढे तो फोन करू लागला. नाताळला, माझ्या वाढदिवसाला. बोलणं इंग्रजीत. माझं इंग्रजी ऐकून त्याला हसू यायचं, म्हणायचा, तू शाळेच्या पुस्तकासारखी बोलतेस. ममाला फोनवर दे, असं मी कधी म्हटलं नाही, आणि त्यानेही कधी दिलं नाही.

२००१ च्या फेब्रुवारीत, एका शनिवारी सकाळी, मी शाळेतून येऊन चहा ठेवत होते आणि फोन वाजला.

“डोडो, मी कीथ. घाबरू नकोस. मी ममापाशी आहे, वृद्धाश्रमात. महिनाभर झाला, ती इंग्रजी बोलतच नाही.”

“म्हणजे?”

“इंग्रजी सगळं गेलं. मला ओळखत नाही. दुसरंच काहीतरी बोलते, सारखं तेच तेच, आणि रडते. इथे एक भारतीय नर्स आहे, ती म्हणाली हिंदी नाही हे. मला वाटलं, तुला कळेल. रिसीव्हर तिच्या कानाला लावतो. ऐकशील?”

ममाला मराठी येत नव्हतं. निदान आम्ही सगळे तसंच समजत होतो. भाजी घ्यायची तरी ती मला पुढे करायची. ती डेव्हनशायरच्या घराण्यातली, आईवडील ती तान्ही असताना वारले, पुण्याच्या एका बोर्डिंगात मिशनच्या बायकांनी तिला वाढवलं, एवढंच तिने सांगितलं होतं, आणि कुणी जास्त विचारलं नव्हतं.

फोनमध्ये श्वास ऐकू आला. मग एक बारीक, चिरका आवाज आला. शहात्तर वर्षांच्या बाईचा वाटत नव्हता.

“आये?”

मी खाली जमिनीवरच बसले.

“आये गं, तू हाईस का? बोल की.”

येसूमावशीची बोली. आमच्या दौंडाकडची, नदीकाठच्या गावांतली.

“हाय,” मी म्हणाले. “हाय मी.”

“लई दिस झालं. तू म्हनली व्हतीस, ऐतवारी येते. किती ऐतवार झालं, आये. मडम म्हन्ते, रडायचं न्हाई. म्या रडत न्हाई.” ती रडत होती. “हितं समदी गोरी हाईत. माझ्याशी कुनी बोलत न्हाई.”

“मी बोलते की.”

“आये, म्या कुनाला सांगितलं न्हाई.”

“काय सांगितलं नाहीस?”

“तू सांगितलं व्हतंस न्हवं, फाटकापाशी? कुनी इचारलं तर म्हन, आई मेली. म्हंजी ठिवून घेतील, भाकर मिळंल, कापडं मिळतील. म्या तसंच सांगितलं. मडमेला सांगितलं, मेली. समद्या पोरींना सांगितलं. सेसिलला बी सांगितलं. तू भायेर रस्त्यावर हुबी ऱ्हायची, म्या बगितलं तुला, दोनदा. पन म्या हाक न्हाई मारली. पोरींनी इचारलं, ती काळी बाई कोन गं? म्या म्हनलं, ठावं न्हाई.” आवाज आणखी बारीक झाला. “बरूबर केलं न्हवं म्या? आये? रागावली न्हाईस न्हवं?”

गॅसवर चहा उतू गेला, त्याचा वास घरभर पसरला, पण मी उठले नाही.

“आये?” ती पुन्हा म्हणाली. “बोल की गं.”

मी पदराने तोंड पुसलं.

“न्हाई रागावले,” मी म्हणाले. “बरूबर केलंस. लई शानी गं माजी लेक.”